कानात बसलेली थंडी

वसंत ऋतूवर माझं फारसं प्रेम नाही, हे एकदा लिहून टाकलेलं बरं. मोहोराचा वास आला की लोकांना प्रसन्न वाटतं, माझं डोकं दुखतं. पनवेलच्या आमच्या इमारतीमागं एक उंबर आहे. माघ लागला की त्यावर एक तांबट येऊन बसतो. उन्हं वर येईपर्यंत गप्प असतो, पण एकदा त्याचं टुक् टुक् सुरू झालं की दुपारच्या चहापर्यंत त्याला दम म्हणून लागत नाही. मी खिडकी लावून घेते. सून म्हणते, "आई, किती गोड आवाज आहे, राहू द्या ना उघडी." तिला काय सांगणार? मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, त्याच्याशी माझं वैर आहे म्हटलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल. गेल्या वर्षी नात हट्टानं मला आमच्या गावच्या डोंगरावर घेऊन गेली. रविवारी आता तिथं शहरातली माणसं फिरायला येतात, गळ्यात दुर्बिणी, पायात हे एवढाले बूट. त्यांना वाट दाखवणारा पोरगा चांगला होता. मला म्हणाला, "आजी, कुणी बोलायचं नाही. नुसतं चालायचं, कान उघडे ठेवायचे आणि वसंताच्या खुणा शोधायच्या." मी बरं म्हटलं. पहिली फुललेली सावर दिसली तेव्हा सगळे हरखून गेले. थोडं वर गेल्यावर तांबट सुरू झाला आणि पंधरा माणसं तोंडावर बोट ठेवून जागच्या जागी उभी राहिली. मी एका दगडावर बसून घेतलं. नातीला वाटलं, गुडघे दुखले असतील. मीही तसंच म्हटलं. त्याच वाटेनं मी बारा वर्षांची असताना महिना-दीड महिना रोज चालले होते, तेही असंच न बोलता.

बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या पत्र्यांवरचा गंज हातोडीनं ठोकून काढायचा, हे त्यांचं काम. लोखंडाच्या पोटात शिरायचं आणि दिवसभर ठोकत राहायचं, आजूबाजूला आणखी दहा-बारा जण तेच करत असायचे. महिन्या-दोन महिन्यांनी ते भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरत आणि तिथून चालत घरी येत. आमचं गाव बंदरापासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याला. येताना ते पाव आणायचे. लाँचमधल्या खाऱ्या वाऱ्यानं ते चिवट झालेले असत, पण आई ते तव्यावर तूप सोडून भाजायची आणि आम्ही तिघं मागच्या पडवीत बसून चहात बुडवून खायचो. घरात आम्ही तिघंच. बाबा फार मोठ्यानं बोलायचे. आईनं "हळू बोला की" म्हटलं की म्हणायचे, "मुंबईत असंच बोलतात." त्यावर माझा पूर्ण विश्वास होता. मीही शाळेत एक-दोनदा मुंबईसारखं बोलून बघितलं आणि गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. बाबांना आपलाच आवाज नीट ऐकू येत नाही, हे कळायला आम्हाला दोन-तीन वर्षं लागली, आणि कळल्यावरही आई ते बोलून दाखवायला तयार नव्हती.

त्या वर्षी पौषात बाबा पत्र्याची ट्रंक घेऊनच घरी आले. सोबत पांडूकाका होता. पांडूकाका आमच्याच वाडीतला, बाबांच्याच टोळीत काम करणारा, बाबांचा जिवाभावाचा माणूस. ओसरीवर बसून पाणी प्यायला आणि आईला म्हणाला, "वयनी, याला आता कायसुद्धा ऐकू येत न्हाय. परवा सुट्टीचा भोंगा झाला, सगळी भायेर आली, हा आपला आत ठोकतोय. मुकादम बोलला, घरी जा, औषधपाणी कर. शिमग्यापर्यंत जागा ठेवतो. कान आलं तर ये, न्हायतर येऊ नको." हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा बाबा शेजारीच बसलेले होते. ते एकदा पांडूकाकाच्या तोंडाकडे बघत, एकदा आईच्या, आणि उगीच हसत होते. असं हसताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची लाज वाटली आणि मग लाज वाटल्याचं वाईट वाटलं.

आई त्यांना अलिबागला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं, त्यांच्या डोक्याला एक चिमटा वाजवून लावला, आणि बाबांना बाहेर बसवून आईशी बोलले. काय बोलले ते आईनं मला तेव्हा सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं साऱ्या वाडीला सांगितलं ते असं: "थंडी बसलीय कानात. दुसरं काय न्हाय. माघात खोबरेल थिजतं का न्हाय बाटलीत? तसंच थिजलंय आत. ऊन चढलं की आपसूक सुटंल." हे इतकं सरळ होतं की वाडीत कुणालाच शंका आली नाही. थिजलेलं खोबरेल तर घरोघरी होतं. आमच्याकडे ती बाटली कोनाड्यात असायची. आई रोज सकाळी ती आणून तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची आणि तेल किती सुटलं ते येता-जाता बघायची, जणू बाबांच्या कानात बघायची सोय नव्हती म्हणून तिथं बघत होती. लसूण टाकून तापवलेलं तेल, रुईच्या पिकल्या पानाचा रस, शेकलेल्या मिठाची पुरचुंडी, सगळं झालं. कानात कापूस घालून बाबा गवताच्या उडवीला टेकून उन्हात बसायचे, अर्धा तास मान इकडे कलती, अर्धा तास तिकडे. आईनं पालीच्या गणपतीला नवस बोलला, एकवीस नारळांचं तोरण.

तेव्हापासून आमच्या घरात थंडी जायची वाट बघणं सुरू झालं. आता थंडी केव्हा गेली हे आमच्याकडे तारखेवरून ठरवत नसत, आणि ते ठरवण्यात बाबांचा हात धरणारा वाडीत कुणी नव्हता. दर वर्षी माघात ते राबासाठी रजा काढून यायचे. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन आधी भाजून घेतात, त्यासाठी डोंगरावरून ऐन-किंजळाच्या डहाळ्या तोडून आणून वाळवायच्या, त्याला आम्ही राब म्हणतो. नवी पालवी फुटायच्या आत डहाळी तोडून व्हायला हवी, म्हणून झाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. बाबांनी मला त्याचा क्रम शिकवला होता. आधी आंब्याला मोहोर दिसतो, पण मोहोरावर भरवसा ठेवायचा नाही, तो थंडीतही येतो. मग वालाच्या शेंगा वाळून वाऱ्यानं खुळखुळायला लागतात. मग सावरीची पानं झडून नुसती काळी बोंडं उरतात आणि एक दिवस ती उकलून झाड लाल होतं. पाठोपाठ पांगारा. आणि हे सगळं झालं तरी जोवर भर उन्हात तांबट वाजत नाही, तोवर गोधड्या उन्हात घालून उचलून ठेवायच्या नाहीत. पक्षी बोलतो म्हणतात, पण बाबा तांबट वाजला म्हणायचे. "आमच्याच टोळीतला हाय तो," असं म्हणून हसायचे, "दिसभर ठोकतो. फक्त त्याला मुकादम न्हाय."

घरात बसून त्यांना करमेना. जो येईल तो त्यांच्या कानाशी ओरडायचा, आणि आपण ओरडल्यावर ऐकू येतंय का म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. ते उठायचे आणि डोंगराकडे चालू लागायचे. एकदा पायथ्याच्या रस्त्यावर मागून बैलगाडी आली. गाडीवान ओरडतोय, बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय, आणि बाबा रस्त्याच्या मधून शांतपणे चाललेत. जू त्यांच्या खांद्याला घासून गेलं. त्या दिवसापासून आईनं मला त्यांच्यामागं लावून दिलं. मी त्यांच्या सदऱ्याचं मागचं टोक धरून चालायचं. एकदा ओढलं म्हणजे मागून कुणीतरी येतंय, दोनदा ओढलं म्हणजे बाजूला व्हा. दोन दिवसांत आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं की बघणाऱ्याला कळायचंही नाही. काही सांगायचं असलं तर मी पाटीवर लिहून दाखवायची, पण डोंगरावर पाटी नेत नसू. तिथं आम्ही बोलतच नव्हतो.

ते चालणं मला आवडायचं, हे खोटं कशाला सांगू. सकाळी दव असायचं, वालाच्या शेतातून जाताना पोटऱ्या भिजायच्या. वर ऐनाची पानं तांबूस पडून वाट झाकून गेलेली असायची आणि पाय ठेवला की कडकड मोडायची. बाबा मधेच थांबून एखाद्या पानावर मुद्दाम टाच द्यायचे आणि खाली वाकून बघायचे, खरंच मोडलं का. मग बोट करून दाखवायचे. हे बघ, उक्षीला कळे आलेत. हे बघ, पिंपळाची टोकं लाल झाली. काजूच्या मोहोराचा आंबूस वास आला की नाक वर करून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की पुढं चालायचे. डोळ्यांनी आणि नाकानं मिळत होतं ते सगळं ते अधाशासारखं घेत होते. माझ्या कानांवर बुलबुल, कोतवाल, पानांतली सरड्याची सळसळ, खालून येणारी कुणाची तरी हाक, असं किती काही पडत असायचं. ते ऐकताना चोरी केल्यासारखं वाटायचं.

पण महिना उलटला आणि मी कंटाळले. वाटेच्या एका वळणावरून खाली आमच्या शाळेची कौलं दिसायची. आम्ही तिथं पोचायचो तेव्हा प्रार्थना चालू असायची, मग पाढे. मी सातवीत होते. तेव्हा सातवीची परीक्षा म्हणजे मोठी गोष्ट होती, केंद्र तालुक्याला असायचं आणि आमच्या वाडीतल्या एकाही मुलीनं तोवर ती दिलेली नव्हती. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला होता. आई म्हणायची, "जाशील गो, बाबांचं कान सुटलं की जाशील. त्यांना एकटं कसं सोडू?" तिचं चूक नव्हतं. डोंगराखाली गाड्यांचा रस्ता होता, आणि तिला शेत, गोठा, घर. मी त्या वळणावर रोज थोडी रेंगाळायची आणि मग सदऱ्याचं टोक ताणलं गेलं की पुढं जायची.

खुणा एकेक करून येत गेल्या. कान काही आले नाहीत. मोहोर आला, झडला, बारीक कैऱ्या धरल्या. वाल वाळला, काढून झाला, घरात बिरड्यासाठी भिजायलाही लागला. सावर फुलली तेव्हा आईनं परातीवर पळी मारून बघितली, बाबा पाठमोरे बसले होते, ते हलले नाहीत. पांगारा फुलला. खोबरेल आता सकाळी दहालाच पातळ व्हायला लागलं होतं. आई बाटली आडवी करून बघायची, तेल सरसर वाहायचं, आणि मग बाटली पुन्हा उभी करून ठेवायची. एके दिवशी मी विचारलं, "आता तर थंडी न्हाय उरली, मग?" तर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "तांबट कुठं वाजलाय अजून?" आणि खरंच त्या वर्षी तो वाजला नव्हता. का कोण जाणे, उशीर करत होता. साऱ्या घराचा भार त्या एका पक्ष्यावर येऊन पडला होता.

शिमगा आठ दिवसांवर आला आणि चार दिवसांच्या रजेवर गावी आलेला पांडूकाका घरी आला. म्हणाला, "शुक्रवारच्या लाँचनं मी परत चाललो. याचं काय ते मुकादमाला सांगाया पायजे. जागेला दुसरा माणूस उभा हाय." आईनं मला पाटीवर लिहायला लावलं. मी लिहिलं, शुक्रवारी पांडूकाका जाणार. बाबांनी पाटी हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि ओल्या बोटानं स्वतःच पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. वळणावर प्रार्थना चालू होती. मी थांबले, खाली बघत राहिले, आणि नेहमीसारखा सदरा ताणला गेला नाही म्हणून वळून बघितलं, तर बाबाही थांबलेले. ते शाळेकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग पुढं चालू लागले. वर मोठी सावर होती, ती त्या दिवशी अशी फुलली होती की खाली जमीनही लाल. मैना, कावळे, बुलबुल, सगळ्यांचा नुसता बाजार भरला होता तिच्यावर. बाबा तिच्याखाली उभे राहिले, मान कलती केली आणि हात वर केला. "तांबट," ते म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की कावळे उडाले. "वाजतोय, बाय. ऐकतेस नव्हं?"

मी ऐकलं. अगदी श्वास धरून ऐकलं. मैना होत्या, खाली पाढे सुरू झाले होते, वाऱ्यानं एक फूल पटकन खाली पडलं तेही ऐकलं. तांबट नव्हता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काही ऐकू आलेलं नाही हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही दिसत होतं. मी नाही म्हटलं असतं तर आम्ही खाली आलो असतो, पांडूकाका एकटा गेला असता, बाबा जन्मभर उडवीला टेकून बसले असते आणि मी सदरा धरून चालत राहिले असते. एवढं सगळं तेव्हा मी विचार करून ठरवलं असं नाही. पण मला शाळेत जायचं होतं, हे मात्र त्या घटकेला माझ्या मनात होतं, अगदी लख्ख होतं. मी मान हलवली. तेवढ्यानं पुरणार नाही असं वाटून म्हटलं, "व्हय बाबा. वाजतोय." ते हसले. नंतर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. उतरताना पायथ्याला मागून गाडी आली, मी सदरा दोनदा ओढला, ते बाजूला झाले, गाडी गेली, आणि आम्ही पुढं चालू लागलो.

घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं, कान सुटले, तांबट ऐकला. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी पण ऐकला, एकदमच ऐकला दोघांनी." तिला खरं वाटायला हवं होतं, पण ती घाबरलेलीही होती. तिनं बाबांना ओसरीवर पाठमोरं बसवलं, त्यांच्या देखतच परात उचलली आणि आत जाऊन तिच्यावर पळी हाणली. मी बाबांच्या समोर उभी होते. मी डोळे मिटून उघडले. बाबा म्हणाले, "परात कशाला फोडतेस?" तिनं हलकेच हाक मारली, मी पापणी हलवली, ते "काय?" म्हणाले. महिनाभर सदरा ओढून ओढून आम्ही दोघं या कामात इतके तयार झालो होतो की आईला पकडता येणं शक्यच नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग उठून चूल पेटवली. त्या दिवशी आमच्याकडे घावणे आणि नारळाचा रस झाला, वालाचं बिरडं झालं, पांडूकाकाला जेवायला बोलावलं. बाबा भरपूर जेवले. पांडूकाका काही बोलला की मी हसायचे, आणि मी हसले की बाबा हसायचे.

नवस अंगावर ठेवायचा नाही म्हणून आई मला घेऊन लगेच पालीला गेली. एस.टी.त एकवीस नारळांचं पोतं पायाशी ठेवून बसली होती. कुणी कुठं निघालात विचारलं की सांगायची, "यांचं कान आलं, नवस फेडायला." देवळात तोरण बांधलं, आणि तिनं मला पुढं ढकलून पाया पडायला लावलं. मी पाया पडले. मला त्या देवाची भीती वाटली नाही. भीती आईच्या चेहऱ्याची वाटत होती, इतका तो उजळला होता.

शुक्रवारी आम्ही बाबांना पोचवायला रेवसला गेलो. भरती होती, लाँच धक्क्याला टेकून हलत होती. पांडूकाका ट्रंक घेऊन पुढं गेला. बाबा माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदाच हळू बोलले, इतकं हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं. "सोमवारपास्न शाळेत जा," ते म्हणाले. एवढंच. ते माझ्यासाठी खोटं बोलले, आईसाठी, की मुकादमानं ठेवलेल्या त्या जागेसाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. विचारायला पुन्हा सवड मिळाली नाही.

मी शाळेत गेले. परीक्षा दिली. शेवटचा पेपर झाल्यावर तालुक्याहून घरी आले तर अंगणात माणसं जमली होती आणि ओसरीच्या पायरीवर पांडूकाका डोकं धरून बसला होता. गोदीत जहाजावर वरून पत्रा उतरवत होते, साखळी सुटली. सगळ्यांनी आरडाओरडा केला. "सगळी पळाली, वयनी," पांडूकाका म्हणत होता, "मी हाक मारली त्याला, नाव घेऊन मारली. दहा हातांवर होतो मी. तो ठोकतच ऱ्हायला." मग त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "कान तर आलं होतं ना त्याचं?" आईनं माझ्याकडे बोट केलं. "आलं होतं. हिनं पण ऐकला तांबट त्यांच्यासंगं. व्हय ना गो?" अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी व्हय म्हटलं.

परीक्षेत मी पास झाले, पहिल्या काही मुलांत आले. पुढं शिकले, मास्तरीण झाले, तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं. आई माझ्याजवळच होती. तिचे कान शेवटपर्यंत शाबूत होते, तांबट वाजायला लागला की ती काम टाकून आत जाऊन बसायची. तिनं बाबांच्या मरणाचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. ती म्हणायची, "डॉक्टरनं तर सांगितलंच होतं, हे कान यायचे नाहीत. मी देवाच्या मागं लागले. मी नवस बोलले म्हणून त्यानं कान दिले, आणि कान दिले म्हणून माणूस परत गेला. मी गप्प बसले असते तर बहिरा का होईना, माझ्या ओसरीवर जिवंत बसला असता." हे ती दर वर्षी म्हणायची, आणि म्हणता म्हणता एवढीशी होत गेली. पालीला तिनं पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. गोडधोड तोंडात घालणं सोडलं. कुणाच्या आजारपणात कुणी नवस बोलायला लागलं तर त्या बाईचे हात धरायची.

तिच्या नवसानं काहीही झालेलं नव्हतं. कान आलेच नव्हते, आणि हे जिवंत माणसांत फक्त मला माहीत होतं. दोन वाक्यं सांगितली असती तर ती सुटली असती. मी ती दोन वाक्यं कितीदा जुळवली, तिच्या पायांना तेल चोळताना, तिला जेवण भरवताना, शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून. ती गेली त्या दुपारीही तिनं तेच सुरू केलं, "मी नवस बोलले नसते तर..." आणि मी म्हटलं, "असू दे आई. आता पडून राहा."